लाटेपलीकडची आई

मुलांनो, पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा समुद्र आहे ना, त्याच्या ऐन मध्यावर हवाई नावाची बेटे आहेत. चहूकडे इतके पाणी, की वाट चुकलेल्या पाखराला टेकायला दुसरी जागा नाही. फार पूर्वी त्यांतल्या एका बेटाच्या किनाऱ्यावर सीलचे एक पिल्लू आपल्या आईबरोबर राहत असे. सील हा मोठा गमतीचा प्राणी. पाण्यात तो माशालाही हरवील, आणि वाळूवर आला की भरल्या पोत्यासारखा लोळत पडेल. त्याला पाय नसतात, वल्ह्यांसारखे पंजे असतात.

तो किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला होता. काठालगतचे पाणी उथळ आणि निवांत होते. पण थोडे आत प्रवाळाची एक लांबलचक भिंत होती आणि तिच्यावर बाहेरच्या समुद्राच्या लाटा येऊन फुटत. नारळाच्या झाडाएवढ्या लाटा! त्यांचा गडगडाट दिवसभर चाले. पिल्लाला त्याचे काहीच नव्हते. आईच्या कुशीत शिरावे, पोटभर दूध प्यावे, झोपावे आणि उठून पुन्हा दूध प्यावे, एवढेच त्याला ठाऊक. ते चांगले गोल गरगरीत झाले होते. आई त्याच्या उशाशी पडून राही. कोणी जवळ फिरकले की गुरगुरे. बाकी ती फार बोलत नसे.

एके दिवशी सकाळी पिल्लाला जाग आली, तेव्हा आईच्या जागी वाळूत नुसता खळगा होता. पिल्लाने मान उंचावून पाहिले. लांब प्रवाळाच्या भिंतीपाशी आईचे डोके दिसत होते. तेवढ्यात एक लाट उभी राहिली, हिरवीगार, पलीकडचा सूर्यप्रकाश आतून दाखवणारी. आई तिच्याखाली शिरली. लाट फुटली, फेस झाला, फेस विरला. आई काही वर आली नाही.

"आई!" पिल्लू ओरडले. लाटांच्या आवाजात त्याची हाक त्याला स्वतःलाही नीट ऐकू आली नाही.

जवळच्या बिळातून एक खेकडा बाहेर आला. त्याने आपले काडीवरचे डोळे फिरवून सगळीकडे पाहून घेतले आणि म्हणाला, "गेली वाटतं! जाणारच. आम्हाला तर आया कोण हेसुद्धा माहीत नसतं, आमचं काय अडलंय?"

"ती परत येईल," पिल्लू म्हणाले.

"बघ बाबा वाट," असे म्हणून खेकडा तिरका तिरका निघून गेला.

पिल्लू वाट बघू लागले. ते आईच्या खळग्यात जाऊन झोपे. पण भरतीचे पाणी रोज थोडेथोडे वर चढत होते. एक दिवस त्याने तो खळगाही पुसून टाकला. आता आई कुठे पडून राही ते दाखवायलाही काही उरले नाही. तरी पिल्लू जागचे हलले नाही. त्याला पाण्याची भीती वाटे, कारण पाण्यानेच आईला नेले होते. आणि पाण्याकडे पाहिल्याशिवाय त्याला राहवतही नसे, कारण आई येणार असेल तर तिकडूनच येणार होती. खाणेपिणे बंद पडले. आईच्या दुधावर साठवलेली चरबी हळूहळू उतरत गेली.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला माणसांची वस्ती होती. त्या बेटांवरच्या माणसांना समुद्राचे भारी वेड. लाकडाच्या लांब फळ्या तासून ती लाटांवर स्वार होत. घरची कामे आटोपली की बाया, बाप्ये, म्हातारी, पोरे सगळी पाण्यात. खेळ झाला की फळी वाळवायची, तिला खोबरेल चोळायचे आणि कापडात गुंडाळून घरात जपून ठेवायची, ही त्यांची रीत. त्यांच्यात लेमोमी नावाची एक बाई होती. ती लाटेवर उभी राहिली की काठावरची माणसे बोलायची थांबत. ती लाटेशी झोंबत नसे. वाऱ्याने झाडाची फांदी झुकावी तशी ती झुके आणि लाट तिला अलगद किनाऱ्यापर्यंत आणून सोडी.

एकदा समुद्र अगदी निजल्यासारखा झाला. दिवसामागून दिवस गेले, लाटच उठेना. तेव्हा गावकरी किनाऱ्यावर जमले. वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते ना, आपल्या कोकणातही असते, तशीच वेल तिथे होती. तिचे लांब तुकडे हातात घेऊन माणसे गुडघाभर पाण्यात उभी राहिली. सगळ्यांनी मिळून ती वेल पाण्यावर सपासप मारली आणि एका सुरात गायला सुरुवात केली, "ऊठ रे समुद्रा, ऊठ! लांबून ये, उंच होऊन ये!"

दुसऱ्या दिवशी खरोखरच लाटा आल्या.

पिल्लाने हे सगळे पाहिले होते. माणसे पांगल्यावर ते घसटत घसटत वेलीपाशी गेले. दातांनी वेलीचा एक तुकडा तोडला आणि पहिल्यांदाच पाण्याच्या कडेला उतरून मान हलवत ती वेल पाण्यावर आपटू लागले. "ऊठ" म्हणायचे तर तोंडात वेल. वेल टाकावी तर आपटायचे कशाने? म्हणून ते आधी वेल आपटी, मग ती खाली ठेवून म्हणे, "आई, ये!" पुन्हा वेल उचली, पुन्हा आपटी.

लाटा येत राहिल्या, आई आली नाही.

फळी काखेत धरून लेमोमी तिथून चालली होती. ती थांबली. बराच वेळ ती पिल्लाकडे पाहत राहिली आणि मग त्याच्याजवळ वाळूत बसली.

"कोणाला बोलावतोयस?" तिने विचारले.

"आईला. ती त्या लाटेखाली गेली."

लेमोमीने त्याच्यापुढे पडलेली वेल हळूच उचलून घेतली. "बाळा, ही वेल लाटेला बोलावते. गेलेल्याला बोलावत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीही बोलावून पाहिलंय," ती म्हणाली. "माझा नवरा होडी घेऊन पलीकडच्या बेटाकडे गेला होता. होडी पोचलीच नाही. मी इथेच उभी राहून वेल आपटायची. हात सोलवटले माझे."

पिल्लाने तिच्या हातांकडे पाहिले. मग त्याने विचारले, "मग तुम्ही अजून रोज समुद्रावर का येता?"

लेमोमीने लाटांकडे पाहिले. "घरी बसले की तो फक्त गेलेला असतो. पाण्यात उतरले की वाटतं, तो ज्या पाण्यावरून गेला, त्याच पाण्यावर मीही आहे. तेवढं पुरतं मला. काही दिवशी नाही पुरत."

ती उठून गेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पिल्लू पाण्याच्या कडेलाच पडून होते. येणारे पाणी त्याच्या छातीला लागत होते आणि त्याला ते पहिल्यासारखे परके वाटले नाही.

त्या किनाऱ्यावर ऊन खायला एक म्हातारी कासवीण येत असे. तिच्या पाठीवर शेवाळ उगवले होते. तिला कशाचीच घाई नसे. तिने पिल्लाला पाहिले, त्याच्या बरगड्या पाहिल्या आणि विचारले, "काय चाललंय तुझं?"

"आईची वाट बघतोय. ती आली नाही तर मीच जाणार आहे तिला शोधायला."

"खाल्लंस काही?"

"मला भूक नाही."

कासविणीने डोळे मिटले. ती झोपली की काय असे पिल्लाला वाटले. पण थोड्या वेळाने ती म्हणाली, "उपाशी पोटी वाट बघता येते, बाळा. वाट कापता येत नाही."

हे मात्र पिल्लाला पटले. त्याच दिवशी ते उथळ पाण्यात उतरले. आधी त्याला मासा काही सापडेना, सापडला तर धरता येईना. नाकातोंडात पाणी जाई. खेकडा काठावरून हसे. पण एकदा दगडाच्या फटीत तोंड घालून त्याने एक लहानसा मासा पकडला, आणि तो गिळताना त्याला रडू आले. दुधाची चव वेगळी होती. पण पोटात ऊब आली.

मग सुरू झाली प्रवाळाच्या भिंतीशी झटापट. पिल्लू लाटेवर चालून जाई आणि लाट त्याला उचलून मागे फेकून देई. कधी ते खडकावर घासले जाई, कधी गटांगळ्या खात वाळूवर येऊन पडे. कासवीण लांबून पाही. एकदा ती म्हणाली, "लाटेच्या तोंडाला लागू नये रे. तिचा सगळा राग वर असतो. जाताना तिच्या पोटाखालून जावं."

"आणि येताना?"

"येताना कसं यायचं ते त्या बाईला विचार. मला लाटेवर स्वार व्हायची हौस नाही."

पिल्लाने विचारले नाही, नुसते बघितले. लेमोमी लाटांच्या मागे धावत नाही, हे त्याच्या लक्षात आले. कितीतरी लाटा ती सोडून देई. पाण्यात फळीवर पडून, नजर लांब ठेवून ती थांबे. आणि मग एक लाट येई, बाकीच्यांसारखीच दिसणारी. पण लेमोमी तिला ओळखी, वळे, जोराने हात मारी. लाट तिला पाठीवर घेई. पिल्लू तिच्या आसपास पोहू लागले. ती थांबली की ते थांबे. ती वळली की ते वळे. कितीदा तरी लाट त्याच्याखालून निघून गेली, कितीदा डोक्यावर कोसळली. अखेर एकदा एका लाटेने त्याला उचलले आणि खाली टाकले नाही. पाणी धावत होते आणि पिल्लू त्याच्या उतारावर होते, वाऱ्यासारखे.

"आलं रे तुला!" लेमोमी आनंदाने ओरडली.

काठावर येऊन पिल्लाने मागे वळून पाहिले. आईने हे पाहिले असते तर, असे त्याच्या मनात आले, आणि सगळा आनंद त्या एका विचारात बुडून गेला.

पिल्लू आता पिल्लू राहिले नव्हते. त्याची मान जाड झाली होती, पंजे बळकट झाले होते. एके दिवशी त्याने किनाऱ्यावरच्या पांढऱ्या सुरय पक्ष्याला विचारले, "तू रोज लांब समुद्रावर जातोस. माझ्यासारखं कोणी कुठे पाहिलंस का?"

सुरय म्हणाला, "मावळतीच्या बाजूला वाळूचं एक छोटं बेट आहे. तिथे तुझ्यासारखी पोती लोळत असतात. माझे भाऊबंद तिथेच राहतात. सकाळी ते जमिनीकडून समुद्रावर जातात आणि दिवस कलला की जमिनीकडे परततात. दिवस कलताना पांढरी पाखरं ज्या दिशेला उडतील त्या दिशेला जा, म्हणजे चुकणार नाहीस."

निघताना पिल्लाने कासविणीचा निरोप घेतला. ती म्हणाली, "आई सापडेल तुला. पण तुला हवी तशी सापडेल, असं धरून जाऊ नकोस."

"म्हणजे कशी?"

"जा आता. ओहोटी लागली आहे."

ते लाटेच्या पोटाखालून बाहेर पडले. बाहेरचा समुद्र काळानिळा होता आणि त्याला तळ नव्हता. ते दिवसचे दिवस पोहले. मासे मिळाले तर खाल्ले, नाही मिळाले तर तसेच पुढे गेले. एकदा एक शार्क त्याच्या मागे लागला आणि खोल डुबी मारून ते कसेबसे वाचले. कधी प्रवाह त्याला भलतीकडे ओढून नेई. मग ते दिवस कलायची वाट पाही. पांढरी पाखरे डोक्यावरून जात आणि ते पुन्हा त्यांच्या मागे निघे. आई भेटली की काय बोलायचे, ते त्याने मनात कितीदा जुळवले आणि कितीदा मोडले. शेवटी एकच प्रश्न उरला, का गेलीस?

आणि मग एके दुपारी पाण्याच्या रेषेवर वाळूची पांढरी कड दिसली. तिच्यापुढे प्रवाळावर प्रचंड लाटा फुटत होत्या, त्याच्या किनाऱ्यावरच्या लाटांहून मोठ्या. ते थांबले. त्याने कितीतरी लाटा जाऊ दिल्या. मग पाठीमागून समुद्र फुगत फुगत आला. ते वळले, सगळ्या अंगाने उसळले, आणि त्या लाटेने त्याला डोंगरावर न्यावे तसे वर नेले. खाली पाण्याचा हिरवा उतार, कानांत वारा, डाव्या हाताला कोसळत येणारा फेस. मुलांनो, त्या सबंध धावेत त्याला आईची आठवण आली नाही. आई गेल्यापासून असे पहिल्यांदाच झाले होते.

लाटेने त्याला थेट वाळूवर आणून ठेवले. त्याने डोळ्यांतले पाणी झटकले. समोर आई होती.

"दूर हो!" आई दात विचकून गुरगुरली. "जवळ आलास तर याद राख!"

तिच्या पोटाशी एक इवलेसे, काळेभोर पिल्लू दूध पीत होते.

"आई, मी आहे," थोरले पिल्लू म्हणाले.

आईने नाक पुढे करून वास घेतला. मग पुन्हा घेतला. तिचे ओठ खाली आले. "तू? लाटांच्या किनाऱ्यावरचा?" ती म्हणाली. "केवढा झालास!"

त्याला सगळे विचारायचे होते, पण डोळे तिच्यावरून हलेनात. आईच्या मानेची हाडे दिसत होती. कातडी लोंबत होती. धाकटे मात्र लोण्याच्या गोळ्यासारखे गुबगुबीत होते.

"तू जेवत नाहीस?" त्याने विचारले.

"याला सोडून समुद्रावर कशी जाऊ? हे दूध पितं तोवर आपण इथून हलत नाही. आपल्या जातीत असंच आहे."

"मग माझ्या वेळीही?"

"तुझ्या वेळीही." आई हळूच म्हणाली, "अंगात होतं नव्हतं तेवढं दिलं तुला. पुढे भिंतीपर्यंत पोहायचंही बळ उरणार नाही, असं वाटलं तेव्हा निघाले. आणखी थांबले असते तर तुझ्या डोळ्यांसमोर मेले असते."

"मला सांगून का नाही गेलीस?"

"सांगितलं होतं रे. सगळं सांगितलं होतं. तू दूध पिऊन गाढ झोपला होतास. उठवायचा धीर झाला नाही मला."

इतके दिवस जो प्रश्न उराशी धरून ते आले होते, तो आता विचारण्यासारखा राहिला नव्हता. त्याला आईच्या कुशीत शिरायचे होते, पण ती कूस आता धाकट्याची होती, आणि ते स्वतः इतके मोठे झाले होते की तिथे मावलेही नसते. ते आईच्या पाठीमागे, वाऱ्याच्या बाजूला जाऊन पडले. तिच्या पाठीची ऊब थोडी थोडी त्याला लागत होती. इतक्या दूर येऊन त्याला मिळाले ते एवढेच. ते तिथे पडून राहिले आणि कोणी त्याला हाकलले नाही.

असे काही दिवस गेले. आई आणखी वाळली. मग एका पहाटे ती उठली. धाकटे झोपले होते. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितले. थोरले पिल्लू डोळे उघडे ठेवून ऐकत होते. या वेळी तिने थोरल्याकडेही पाहिले आणि मग ती पाण्यात उतरली. थोरल्याचे सगळे अंग तिच्यामागे जायला ओढले गेले. लाटेखालून कसे जायचे ते आता त्याला येत होते, तिला गाठता आले असते. पण ते जागचे हलले नाही. लाट उभी राहिली, आई तिच्या पोटाखाली शिरली, फेस झाला आणि विरला.

ऊन आल्यावर धाकट्याला जाग आली. त्याने इकडे तिकडे पाहिले आणि टाहो फोडला, "आई! आई कुठे गेली?"

"समुद्रावर गेली," थोरले म्हणाले.

"परत येणार ना?"

'येईल' म्हणणे किती सोपे होते! पण ते त्याच्याने म्हणवले नाही. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण ती जिथे गेली ना, ते पाणी इथपर्यंत येतं. बघ, तुझ्या पंज्याला लागलं."

धाकटे मागे सरकले. "मला भीती वाटते."

"मलाही वाटायची." थोरले पाण्यात शिरले, धाकट्याच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मधोमध आडवे झाले आणि म्हणाले, "रडायचं असेल तर रड. मी इथेच आहे. रडून झालं की ये, मासा कसा धरतात ते दाखवतो."

धाकटे पुष्कळ वेळ रडले. थोरले लांबच्या पाण्याच्या रेषेकडे पाहत तसेच आडवे पडून राहिले आणि लाटांचा मार अंगावर घेत राहिले. मग धाकट्याने भीत भीत एक पंजा पाण्यात टाकला.

तात्पर्य : आस पुरी होतेच असे नाही, पण जो आपल्या आसेपायी पोहायला शिकला, तो दुसऱ्याला बुडू देत नाही.